बारावा भाग

खिडकीच्या चौकटीवर डकवलेल्या चिठ्ठीचा खालचा कोपरा सुटला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो उचलला जायचा, क्षणभर थरथरायचा आणि पुन्हा लाकडाला टेकायचा… 'खिडकि'. शेवटची कि ऱ्हस्व. जाड काळ्या स्केचपेनने, अविनाशच्या बँकेतल्या सरळ उभ्या अक्षरात. घरभर अशा चिठ्ठ्या होत्या – दार, आरसा, कपाट, मिठाच्या बरणीवर मीठ – आणि त्या सगळ्या बरोबर होत्या, एवढी एक सोडून. आणि रोज सकाळी डोळे उघडले की नजर नेमकी तिच्यावरच जायची. अहो, त्या कीला दुसरी वेलांटी द्या. वाक्य पूर्ण तयार व्हायचं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट, एकतीस वर्षं वर्गात बोलली तसं ठणठणीत, छातीतून वर यायचं, गळ्यापर्यंत शाबूत असायचं, आणि ओठांशी आलं की –

"मंगळवार," उज्ज्वला म्हणाली.

"गुरुवार," स्वयंपाकघरातून अविनाश म्हणाला. न चिडता. तो कधीच चिडायचा नाही, हेच जास्त कठीण होतं. "आज गुरुवार. आज गायत्रीबेनकडे जायचंय. म्हण बघू, गु-रु-वार."

आठ महिन्यांपूर्वी, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या मराठी शाळेत, चौथीच्या फळ्यावर ती वार लिहीत होती. मंगळवार लिहून झाला आणि खडू हातातून पडला, मग हात, मग ती. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला तो थोडा परत आला, पाय बराच परत आला. पण बोलणं त्या फळ्यापाशीच राहिलं. सगळं कळतं, सगळं आठवतं, मनातल्या मनात कितीही बोलता येतं, आणि तोंडातून एकच शब्द निघतो. पाणी हवं – मंगळवार. पोट दुखतंय – मंगळवार. शर्वरी फोनवर रडायला लागली, "आई, मी नोकरी सोडून तिकडे येते," तेव्हा नको गं, वेडी आहेस का, असं म्हणायचं होतं, तेव्हाही तेच.

घरातला टॅब शर्वरीनेच दिलेला. दिवाळीला पुण्याहून आली होती. मराठी मालिका लावल्या की आई भिंतीकडे तोंड करून बसते, हे तिने दोन दिवसांत पाहिलं. त्या मालिकांतल्या बायका किती भराभरा बोलायच्या, किती सहज… ते ऐकवत नसे. तिसऱ्या दिवशी शर्वरीने एक जपानी कार्टून लावलं. "यातलं बोलणं मलाही कळत नाही, आई. दोघीही न कळता बघू." खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती उज्ज्वलाला आता मुंग्यांसारखी दिसायची. तिने ती वाचायचा प्रयत्नच केला नाही. आणि त्या फळ्यानंतर पहिल्यांदा तिला भाषेपुढे लाज वाटली नाही.

छप्पन्नाव्या वर्षी ती कार्टूनवेडी झाली – ॲनिमे म्हणायचं, कार्टून नाही, असं शर्वरीने बजावलं होतं. पात्रांची नावं तिला कळायची नाहीत, म्हणून तिने आपली आपण ठेवली. सगळीच आवडायची असंही नाही. एक बोलकी मांजर होती, ती तिला बिलकूल खपत नसे. पण फाटकवाली आवडायची. बर्फातलं एक लहानसं गाव, रेल्वेचं फाटक, ते लावणारी-उघडणारी मध्यमवयीन बाई. गाडी येते, जाते. किटलीत पाणी उकळतं, आणि ते उकळेपर्यंत – खरंच उकळेपर्यंत – कोणी काही बोलत नाही. त्या बाईकडे एक पत्र आलेलं असतं आणि ती ते अकरा भाग उघडत नाही. काल अकरावा भाग संपला तेव्हा तिने हातमोजा काढून पाकिटाच्या कडेखाली नख घातलं होतं. बारावा शेवटचा.

आणि दुसऱ्या एका मालिकेतली ती रस्सीखेच खेळणारी पोरं. त्यांत सगळ्यात मागे, दोर कमरेला गुंडाळून उभा राहणारा लांब मानेचा मुलगा. कोणी त्याच्याशी फारसं बोलत नाही. पण सामना अगदी अटीतटीला आला की सगळं थांबतं – उडालेली माती हवेत थांबते, झाडावरून सुटलेलं पान थांबतं – आणि त्या मुलाचं तोंड घट्ट मिटलेलं असताना त्याचा आवाज सुरू होतो. तीन-तीन मिनिटं. तो काय म्हणतो ते तिला कळत नव्हतं. ती आपल्या मनाने रचायची… माझे पाय रुततायत, आई मागे उभी आहे, मी सोडणार नाही… बरोबर असेल, चूक असेल. पण तोंड मिटलेलं असताना आत एवढं बोलणं चालतं, हे त्या कार्टून काढणाऱ्यांना माहीत होतं. ते ऐकण्यासाठी ते अख्खं जग थांबवायला तयार होते.

अविनाश एकदा हसला होता. "अगं, एवढ्या वेळात समोरचे ओढून नाही का नेणार त्याला?"

नाही हो. असंच असतं. तुम्ही मला विचारता, चहा की कॉफी, आणि चार सेकंद थांबून आपणच म्हणता, बरं, चहा. त्या चार सेकंदांत मी काय काय म्हणून जाते… कॉफी, पण कालच्यासारखी पातळ नको, आणि तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलंय, आणि तुम्ही बारीक झाला आहात. तुमचं पान खाली पडतं. माझं अजून हवेतच असतं.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "काकीने शुं थयुं?" अविनाशने गुजरातीत सगळं सांगितलं, गुठळीपासून. तिच्यादेखत. पुलाखालून जाताना साड्यांचे गठ्ठे लादलेला टेम्पो आडवा आला, तेवढा वेळ तो थांबला, मग पुढे सांगू लागला.

गायत्रीबेन, बोलणं परत शिकवणारी थेरपिस्ट, तिशीची चुणचुणीत मुलगी. तिचं मराठी सुरतेत शेजारपाजारी ऐकून शिकलेलं. टेबलावर चित्रांची कार्डं मांडून तिने आधी कप, छत्री, कुलूप विचारलं. मंगळवार, मंगळवार… तिसऱ्याला उज्ज्वलाने ओठ आवळून घेतले.

"असू दे आंटी. आज वेगळं विचारते. घरी तुम्हाला काय गमतं? काय बघायला, करायला आवडतं?"

आठ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. उज्ज्वला ताठ बसली. तिच्याकडे उत्तर होतं – नुसतं उत्तर नाही, निबंध होता: माझी आवडती पात्रे आणि ती मला का आवडतात. फाटकवाली, कारण तिला कोणी घाई करत नाही. लांब मानेचा, कारण… तिने डावा हात उचलला, दोर कमरेला गुंडाळल्यासारखा फिरवला, मग तोंडावर ठेवला, मग कपाळावर. डोळ्यांनी म्हणाली, कळतंय ना?

"पोटात दुखतं? डोकं?" गायत्रीबेन पुढे झुकली.

"नाही नाही, ती कार्टून बघते," अविनाश म्हणाला. "जपानी. दिवसभर तेच. वेळ जातो बिचारीचा."

वेळ जातो!

गायत्रीबेनचं पेन थांबलं. "जपानी? आणि किती तास, काका?… ते बंद करा. सध्या तरी. कानावर मराठीच पडली पाहिजे, सारखी. तुम्ही वाचून दाखवा, गप्पा मारा. पहिलं वर्ष महत्त्वाचं, त्यातले चारच महिने उरले."

अविनाशने वहीत लिहून घेतलं. त्याने 'चार महिने' खाली दोनदा रेघ मारली, ते तिने पाहिलं.

दुपारी घरकामाला येणारी उषाबाई भाकरी थापत होती. ती गोडादऱ्याचीच, मूळची धुळ्याकडची, काम आटोपलं की उज्ज्वलाशेजारी फरशीवर बसून तीही टॅबकडे बघायची आणि पत्र न फोडणाऱ्या फाटकवालीबद्दल मोठ्याने शंका काढायची: "ही बाई कागद काब्र फोडत नही? डरस का काय?" तिच्या अहिराणीला उज्ज्वलाने मान हलवली की तिला पुरायचं.

टॅब जागेवर नव्हता.

उज्ज्वलाने उशीखाली पाहिलं, टेबलावर पाहिलं. मग वर. कपाटावर, सुटकेसच्या मागे, त्याची निळी कड दिसत होती. फक्त एक भाग, अहो. वीस मिनिटं. फाटकवालीने ते पत्र फोडायला घेतलंय, तिला तसंच ठेवून कसं चालेल… तिने प्लास्टिकचं स्टूल ओढलं, डावा हात कपाटाला लावला आणि बरा पाय वर ठेवला.

"उज्ज्वला!"

अविनाश धावत आला. त्याने तिला मागून धरलं तेव्हा तिला त्याच्या छातीची धडधड पाठीत जाणवली. त्याने तिला पलंगावर बसवलं, आपण समोर उकिडवा बसला. "काय हवं? पांघरूण? सुटकेस? कुठे जायचंय? शर्वरीकडे जायचंय का?"

"मंगळवार." तिने बोट दाखवलं. "मंगळवार, मंगळवार!"

"मंगळवारी जायचंय?"

तिने हात झिडकारला. तो त्याच्या चष्म्याला लागला. चष्मा पडला नाही, फक्त नाकावर वाकडा झाला, आणि तसाच वाकडा ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला.

उषाबाई पिठाच्या हातांनी दारात आली होती. "साहेब, त्यासले ते कार्टून बघनं शे. वर ठेलं ना तुम्हीन."

तर कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला नेमकं काय हवं ते कोणाला तरी तंतोतंत कळलं, मोठ्याने बोललं गेलं. तिने अविनाशकडे पाहिलं. आता…

"ते ठाऊक आहे मला," अविनाश हळूच म्हणाला. "तेच नाही द्यायचं, उषाबाई. सांगितलंय तसं त्यांनी."

ठाऊक होतं. म्हणजे पांघरूण, सुटकेस, शर्वरी, हे सगळं… तिला वाटत आलं होतं की एकदा कळलं की सुटलो. मधे भिंत आहे ती फक्त न कळण्याची. आता कळूनही तो नाही म्हणत होता, आणि तिच्या भल्यासाठी म्हणत होता, आणि कदाचित बरोबरच म्हणत होता. वाद घालायला दोन वाक्यं लागतात. ती तिच्याकडे तयार होती.

ती आडवी झाली. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी घरात शिलाई मशीन चालू होतं, थांबत होतं… चौथी 'ब'. अश्विनी, पहिल्या बाकावरची, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. तुझी आई काय करते, असं विचारलं होतं. मुलगी उठून उभी राहिली, डोळे चमकत होते, आईचं किती सांगू असं झालेलं: "मनी माय साडीसले टिकल्या लावस –" आणि मी म्हणाले, मनी नाही, माझी. लावस नाही, लावते. नीट सांग. मुलं हसली. ती पुन्हा म्हणाली, मनी… आणि थांबली. मी म्हणाले, नीट सांगता येईपर्यंत उभी राहा. रागाने नाही म्हणाले. तिच्या भल्यासाठीच, अगदी शांतपणे, वही तपासता तपासता. घंटा होईपर्यंत ती उभी होती, ओठ घट्ट मिटून, आणि मला वाटलं होतं, हट्टी आहे. त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही. तिला सांगायचं होतं ते पुढे काय होतं? आईची बोटं, टिकल्यांचे रंग, किती साड्या… मी ऐकूनच घेतलं नाही. मला तिचं उत्तर आधीच कळलं होतं ना. पहिल्याच वाक्यात.

उशी ओली झाली ती तिने उलटी केली, एका हाताने.

पाच वाजता उषाबाई जाताना तिच्या पायांवरून हात फिरवून गेली. अविनाशने खुर्ची पलंगाशी आणली, चष्मा सरळ केला, वर्तमानपत्र उघडलं. गायत्रीबेनने सांगितलं होतं, वाचून दाखवा. त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली – बारडोलीच्या उसाचा भाव, महानगरपालिकेची सभा, पाण्याची नवी लाइन. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. त्याला मोठ्याने वाचायची सवय नव्हती. स्वल्पविरामावर न थांबता पुढे जायचा, मग दम लागून भलत्याच शब्दावर थांबायचा.

ती ऐकायचं नाही म्हणून छताकडे बघत होती. ऊस कळला, सभा कळली… मग हळूहळू तिने शब्द सोडून दिले. मुद्दाम नाही, ते आपोआप मागे पडले, आणि नुसता आवाज उरला, अर्थ काढून घेतलेला, बत्तीस वर्षं रोज ऐकलेला आणि तरी कधीच असा न ऐकलेला. तो प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित वर जात होता. जणू काही विचारत होता. पाण्याची लाइन, आणि वर. शनिवारपर्यंत, आणि वर. मधेच तो थुंकी गिळायला थांबला, आणि त्या थांबण्यात तिला स्पष्ट ऐकू आलं की हा माणूस घाबरलेला आहे. आजच नाही, आठ महिने. रिक्षात घाबरलेला होता, वहीत रेघ मारताना घाबरलेला होता, स्वयंपाकघरातून वार दुरुस्त करतानाही. आणि हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिलाच सांगितलं असतं, एरवी.

राग अजून होता. तो कुठे गेला नव्हता. पण त्याच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, त्याला काय म्हणायचं ते तिला सुचेना – पहिल्यांदाच, आतसुद्धा शब्द सुचेना – आणि अविनाश पान उलटून पुढची बातमी वाचू लागला, आणि ती छताकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.