खुर्चीतून दिसलेले सहासष्ट

तोंडावर माश्यांची घाण, एका कडेला वाळलेली चिकटपट्टी आणि अंगाला टेकलेल्या तीन मोडक्या खुर्च्या, अशा थाटात मी तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, मी एक जुना, पोट पुढे आलेला आरसा आहे. घरातल्या आरशासमोर माणसं भांग पाडतात, कपाळ पुसतात, नव्या शर्टात वळून बघतात. माझ्यासमोर येऊन असं कधी कोणी उभं राहिलं नाही. मला जन्मभर एकाच कामाला जुंपलं, ते म्हणजे दुसऱ्यावर चोरून नजर ठेवायचं. खरं सांगतो, या कामाची मला शिसारी आली आहे.

जन्म मात्र चांगला झाला. एका कारखान्यात प्लास्टिकचा पत्रा तापवून, हवेच्या दाबाने माझं पोट फुगवलं आणि मागून चकचकीत मुलामा चढवला. तिथल्या एका कामगार बाईने मऊ फडक्याने मला पुसलं, माझ्यात स्वतःचं भलंमोठं नाक बघितलं आणि ती खुदकन हसली. त्यानंतर माझ्याकडे बघून कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

पहिली नोकरी कपड्यांच्या दुकानात लागली. मालक गल्ल्यावर बसून माझ्यातून गिऱ्हाइकांवर नजर ठेवायचा. आलेल्या प्रत्येक माणसाकडे तो चोर समजूनच बघायचा आणि तोंडाने मात्र "या, या" म्हणायचा. त्या दोन तोंडांचा मला भारी तिटकारा होता. सात वर्षांत मी एकच चोर पकडून दिला. तो मालकाचा सख्खा मेहुणा निघाला, मोज्यांचे चार जोड पोटाशी लपवून चालला होता. मेहुण्याला कोण काढणार? मालकाने मला काढलं. आरशात काहीतरी खोट आहे, असं त्याने बायकोला सांगितलं.

तिथून मी शाळेत आलो. गणिताच्या वर्गात प्रत्येक मुलाला शाळेचा लॅपटॉप मिळाला होता आणि गणिताच्या सरांची झोप उडाली होती. मुलं झाकणाआड काय करतात ते समोरून दिसत नाही. समोर बसलेल्याला दिसतात ती फक्त तीस झाकणं आणि तीस शहाणे चेहरे. सरांनी मागच्या भिंतीवर, कपाटाच्या वर मला टांगलं. आता मुलांच्या पाठीमागून त्यांचे पडदे माझ्यात दिसायचे आणि सरांना ते खुर्चीत बसल्या बसल्या पाहता यायचे. बारीक काही दिसलं तर ते मोबाईलचा कॅमेरा माझ्यावर रोखून चित्र मोठं करायचे. खुर्ची सोडणं त्यांच्या जिवावर यायचं. मुलं त्यांना पाठीमागे खुर्चीसर म्हणायची, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

मागे टांगलेला असल्यामुळे मला मुलांची तोंडं कधी दिसली नाहीत. मी त्यांना मानेवरून ओळखायचो. एकाची मान कायम मळकट, एकीच्या मानेवर रिबिनीचं टोक, आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, तिच्या मानेवर मधोमध तीळ होता. समोरून मला एकच तोंड दिसायचं, ते सरांचं.

त्या वर्गात मी काय काय पाहिलं ते सांगायलाही जीभ धजत नाही. बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगम परत तोंडात घालणारा महाभाग मी पाहिला. नाकातलं बोट काढून त्याच बोटाने कळा दाबणारे तर पाच-सहा होते. उत्तरं सोडवायची सोडून कोणी मासे मारायचा खेळ खेळायचं, कोणी पाठ ताठ करून पडदा झाकायचं, कोणी खुर्चीवर जॅकेट पसरून आडोसा करायचं. सर कमी नव्हते. त्यांनी पुढच्या बाकावरच्या एकाला कोण काय करतं ते चिठ्ठीवर लिहून द्यायला लावलं होतं. तो मुलगा ज्याच्याशी भांडण होईल त्याचंच नाव लिहायचा. सर स्वतः तेव्हा टेबलाखाली मोबाईलवर बूट बघत असायचे, चालण्याचे बूट. मला हसू यायला हवं होतं, पण येत नव्हतं.

एकदा सर रजेवर होते तेव्हा शेजारच्या वर्गातल्या भाषेच्या बाई आल्या. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तास सुरू झाला तशा त्या बाकांमधून फिरायला लागल्या. एखाद्याच्या मागे थांबायच्या, वाकून बघायच्या, हे असं का केलंस म्हणून विचारायच्या. मासे मारणाऱ्याने त्या दोन बाकं लांब असतानाच खेळ बंद केला. त्या तासाला मला काही काम नव्हतं, आणि तो माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा तास होता.

आता त्या तीळवालीचं ऐका. तीही काही साधीसुधी नव्हती. मासे मारताना ती एकदा सापडली होती, मीच दाखवलं होतं आणि ते खरंही होतं. सरांचा नियम असा की एका चुकीला एक लाल खूण, आणि दुसरी लाल खूण मिळाली की वर्षभरासाठी लॅपटॉप जमा. मग त्या मुलाने भिंतीकडे तोंड करून वहीत लिहायचं. पहिल्या खुणेनंतर तिने कानाला खडा लावला. तिची आई बसवर कंडक्टर होती. बस कुठल्या थांब्यावर किती खोळंबते ते आईकडून रोज विचारून घेऊन ती लॅपटॉपवर त्याचा तक्ता मांडत होती. विज्ञान प्रदर्शनात तो तक्ता लागणार होता आणि प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. मधल्या सुट्टीत ती एकटी बसून तो तक्ता भरायची आणि मी तिच्या मानेवरून तो वाचत बसायचो. त्या वर्गात मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट होती.

तेवढ्यात सरांनी चाचणी घेतली. शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून प्रश्नांचे दोन संच केले, अ आणि ब. केले म्हणजे काय, तर अ संचातले आकडे दुप्पट करून ब संच उरकला. पाचव्या प्रश्नाचं उत्तर अ संचात ३३ होतं आणि ब संचात ६६. तीळवालीला अ संच मिळाला होता आणि तिच्या शेजारणीला ब. पडद्यावर उत्तराचा चौकोन मोठा होता आणि आकडा त्यात ठसठशीत उठायचा.

सरांनी मोबाईल माझ्यावर रोखला, चित्र मोठं केलं आणि फोटो काढला. मग बसल्या जागेवरून ओरडले, "शेवटचं बाक, झाकण बंद कर."

तिने झाकण बंद केलं. झाकण मिटलं की चाचणी रद्द होऊन सगळी उत्तरं पुसली जायची, ही व्यवस्थाही सरांचीच. ती उभी राहिली आणि मी काय केलं म्हणून विचारू लागली. सर म्हणाले की तुझ्या पडद्यावर शेजारणीचं उत्तर आहे, फोटोत सहासष्ट स्पष्ट दिसतंय. ती म्हणाली की मी तेहतीस लिहिलं होतं. सरांनी बोट उचलून माझ्याकडे दाखवलं.

"तो खोटं बोलतो का?" ते म्हणाले.

तेव्हा ती मागे वळली आणि तिचं तोंड मला पहिल्यांदाच दिसलं. ती माझ्याकडे बघत होती. ओठ दाबून धरले होते, डोळे भरले होते, आणि त्या डोळ्यांत माझ्याबद्दल जी घृणा होती ती अजून माझ्या अंगावरून जात नाही. मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. पण मी खरंही बोललो नव्हतो, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

दुसरी लाल खूण पडली. लॅपटॉप कपाटात गेला, तक्ता त्यातच राहिला, आणि आईला चिठ्ठी गेली.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर आई आली. ती थेट कामावरून आली होती, खाकी गणवेश अंगावर आणि तिकिटांचं यंत्र खांद्याला. तीळवाली दाराशी उभी राहिली. सरांनी बसूनच फोटो दाखवला आणि आजकालच्या मुलांबद्दल बरंच काही ऐकवलं. आईने सगळं ऐकून घेतलं. फोटो तिने दोनदा बघितला, मग मान वळवून मला बघितलं.

"फोटो या आरशातला आहे का, सर?" तिने विचारलं.

सर हो म्हणाले.  तिने सरांनी पाठवलेली चिठ्ठी पर्समधून काढली, टेबलावरचं जाड पेन मागून घेतलं आणि ती शेवटच्या बाकापाशी गेली. सरांकडे पाठ करून तिने चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं. मग मुलीच्या जागेवर बसली आणि लॅपटॉपचा पडदा असतो तसा तो कागद समोर उभा धरला.

"आता तुमच्या खुर्चीतून बघा, सर. फोटो काढायचा तर काढा. किती लिहिलंय?"

सरांनी नाक मुरडत मोबाईल उचलला, चित्र मोठं केलं आणि म्हणाले, "सहासष्ट. मग?"

आईने कागद वळवून त्यांच्याकडे धरला. त्यावर ३३ होते.

 मग आईच शांतपणे सांगू लागली. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात मागून येणारी तीन नंबरची बस सहा नंबरची दिसते. नवा ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात हमखास फसतो, मग कोणीतरी त्याला मान बाहेर काढून बघायला शिकवतं. अक्षरं उलटी झाली तर लगेच कळतात, पण तीन उलटा झाला की सरळ सहाच होतो.

मी तिथे टांगलेला असताना मला दुसऱ्याच एका आकड्याची आठवण झाली. माझ्यात सगळं जग उलटं होतं, पण छत्तीस तेवढे छत्तीसच राहतात, एकमेकांकडे पाठ करून. त्या वर्गाचं आणि सरांचं वर्षभर तसंच चाललं होतं आणि मी ते जसंच्या तसं दाखवत होतो.

सरांनी कपाट उघडून लॅपटॉप दिला. लाल खूण पुसतो, चाचणी परत घेतो म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "आरशातच दोष आहे. चूक आरशाची झाली."

"लाल खूण आरशाने दिली होती का?" आईने विचारलं.

 दाराशी उभ्या मुलीला सर एक शब्द बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते बोलले नाहीत. तोंड उघडलं, टेबलावरचे कागद नीट केले आणि परत मिटलं. कपड्यांच्या दुकानापासून इथपर्यंत मी तेच बघत आलो होतो, आणि त्या क्षणी मला माझ्या स्वतःच्या चकचकीत तोंडाचीही किळस आली.

पुढच्या आठवड्यात तीच चाचणी परत झाली. तीळवाली शेवटच्या बाकावर बसली. पाचव्या प्रश्नाशी आली तेव्हा तिने चौकोनात आकडा लिहिला नाही, अक्षरात लिहिलं: तेहतीस. लॅपटॉपने लाल ओळ दाखवली, 'उत्तर अंकात लिहा'. तिने ते पुसलं आणि परत अक्षरातच लिहिलं. परत लाल ओळ आली. तिसऱ्यांदाही तिने तेच केलं. सरांनी बसल्या जागेवरून अंकात लिही म्हणून सांगितलं. ती हलली नाही.

मग खुर्चीचा आवाज झाला. सर उठले. बाकांमधून चालत ते शेवटपर्यंत आले, तिच्या मागे उभे राहिले, आणि मला पहिल्यांदाच सरांची मान दिसली. मागच्या बाजूला केस पांढरे झाले होते आणि सदऱ्याची कॉलर उलटी दुमडलेली होती.

"अंकात का लिहीत नाहीस?" त्यांनी हळू विचारलं.

ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "अंकात लिहिलं तर तुम्हाला काय दिसेल, सर?"

 सरांनी वाकून तो शब्द पुसला, स्वतःच्या बोटाने तीन दाबला, परत तीन दाबला, आणि तिला म्हणाले, "तेहतीस. मला दिसलं." पडद्यावर हिरवी खूण उमटली. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

सर बदलले, असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. पुढच्या महिन्यात त्यांच्या टेबलावर एक नवा पडदा आला. त्यात तीसही मुलांचे पडदे छोट्या छोट्या चौकोनांत दिसतात, आकडे सरळ दिसतात, आणि उठावं लागत नाही. मला उतरवून या अडगळीच्या खोलीत ठेवलं. प्रदर्शनात तो बसचा तक्ता लागला की नाही, तेही मला दिसलं नाही. माझ्याजवळच्या तीन खुर्च्यांचे पाय झिजून मोडलेले नाहीत, बसून बसून त्यांच्या बैठका खचल्या आहेत.

मित्रांनो, मला पुसा, मला परत भिंतीवर टांगा, असं मी म्हणत नाही. मला ती नोकरी परत नको. उद्या तुमच्यातलं कोणी शिक्षक होईल, कोणी साहेब होईल, कोणाच्या हाती माझ्यासारखा आरसा किंवा त्या टेबलावरचा पडदा येईल. त्यात एखाद्या मुलाची चूक दिसली, तर लाल खूण देण्याआधी उठा आणि त्याच्या बाकापर्यंत जा. फार लांब नसतं ते. मी रोज मोजायचो, खुर्चीपासून शेवटच्या बाकापर्यंत बारा पावलं होती.