खोक्यातल्या मशीनची तपासणी

मी बोलतेय ती कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून. मी आठ ओळींची स्क्रिप्ट. अमुक शब्द शोध, त्या जागी तमुक घाल आणि फोल्डरमधली एकही फाइल सोडू नकोस, एवढाच माझा धर्म. आज मात्र माझं डोकं फिरलंय, म्हणून ऐकाच.

मला घडवलं ऑफिसातल्या ताईंनी. कारखान्याचा फोन नंबर बदलला, तेव्हा शेकडो फाइली एकेक उघडून त्यांची मान मोडायची वेळ आली होती. त्यांनी मला लिहिलं, चालवलं आणि चहा निवायच्या आत मी काम फत्ते केलं. "गुणाची गं माझी बाई!" त्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या. काय फुलले होते मी!

मग पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या मामांचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. मनगटापासून गेला. त्या मशीनच्या फाइलीत स्पष्ट लिहिलं होतं, 'तपासणी बाकी'. तरीही मामांना ती चालवायला लावली होती.

चौकशी येणार म्हटल्यावर मोठ्या साहेबांची पाचावर धारण बसली. ताई रजेवर. साहेबांनी स्वतः मला उघडलं. शोधायच्या जागी 'तपासणी बाकी' टाइप केलं, बदलायच्या जागी 'तपासणी झाली', आणि दाबलं बटण. मी काय करणार? केलं. झाडून सगळ्या फाइलींत केलं. कागदोपत्री मशीन निर्दोष ठरली आणि मामा निष्काळजी. हात गेला तो गेला, वर भरपाईवरही पाणी पडायची वेळ आली.

चौकशीच्या बाई फाइली बघता बघता एकीवर थांबल्या. "ही नवी मशीन कुठंय? दाखवा बरं."

मशीन फाटकापाशी होती, लाकडी खोक्यात, एकही खिळा न उपटलेली.

"खोक्यात बसल्या बसल्याच झाली का हिची तपासणी?"

"मॅडम, ती... स्क्रिप्टची चूक. कॉम्प्युटरनं आपोआप केलं."

आपोआप! मेल्याची जीभ कशी झडली नाही! मी आजवर आपोआप एक टिंब तरी हलवलंय का? स्वतः करून सवरून नामानिराळे, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी! संताप संताप झाला माझा.

ताई तेव्हा रजेवरून परतल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तिला दोन्ही वाक्यं कुणीतरी टाइप करून द्यावी लागतात. मी त्या दिवशी इथं नव्हते."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

आता मी पुरावा आहे. मला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघालाय. काल मामा जबाब द्यायला आले. डाव्या हातानं त्यांनी वेडीवाकडी सही केली. मग ताईंनी त्यांना स्क्रीनवर मला दाखवलं.

"हीच का ती? एवढीशी?" मामा स्क्रीनजवळ वाकले. "हिला कशाला बोल लावायचा, ताई? साहेब म्हणाले चालव, हिनं चालवलं. मलाही तेच म्हणाले होते."

मला 'नाही' म्हणता येत नाही. तसं मला कुणी घडवलंच नाही. मामांना येत होतं, पण घरच्या चार तोंडांसाठी त्यांनी ते गिळलं. साहेब, तपासल्याशिवाय मशीन चालवायची नाही, एवढं म्हणायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?