अंगठ्याआधीची शपथ

महाडात कचेरीबाहेरच्या टायपिंगच्या टेबलावर अश्विनने आईचा, मंजुळाचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. बाप वारला होता, दासगावच्या जमिनीवर वारसांची नावं लावायची होती. अ‍ॅफिडेव्हिटचा कागद टाइप होऊन तयार होता. अडाणी बाईला तो वाचून दाखवायची तिथं रीतच नव्हती.

"अ‍ॅफिडेव्हिट म्हंजे काय रे, महादू?" मंजुळाने टायपिस्टला विचारलं.

"लॅटिन शब्द हाय, मावशी. अर्थ असा, की त्याने शपथेवर सांगितलं."

"कोणी?"

"आता तुम्हीच."

"मी तर अजून तोंडच उघडलं नाय. वाच बघू."

"आये, साहेब जेवायला उठंल," अश्विन खेकसला. "टेक अंगठा!"

त्याने तिचं मनगट धरलं. तिने झटक्यात सोडवून घेतलं. महादूने मान खाली घालून वाचलं, "मयतास पत्नी मंजुळा व मुलगा अश्विन यांशिवाय अन्य वारस नाही."

"आनि आम्रपाली? ती काय रस्त्यावर सापडली?"

"तिचं लगीन झालंय, आये."

"म्हणून ती जन्मलीच नाय? आनि ते मी शपथेवर सांगू?"

मंजुळाने शाईचा अंगठा लेकाच्या पांढऱ्या शर्टावर पुसला.

"महादू, दुसरा कागद घाल. आता मी सांगते. पहिलं नाव आम्रपालीचं."