पाठीवरचा डाख

मी एक जुना चांदीचा ब्रोच आहे मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी वैतागलेला आहे. ऐकून घ्या, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या कारखान्यात झाला. आयव्हीची दोन पानं, बस्स. त्याच साच्यातून माझी शेकडो भावंडं निघाली. पाठीवर तीन बारीक ठसे उठवले : नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी, चालता सिंह म्हणजे अस्सल चांदी, आणि एक अक्षर म्हणजे वर्ष. नॉरफकच्या वॉल्टर लार्टरने मला लग्नात आपल्या हिल्डाला दिलं.

पुढे माझी टाचणी निखळली. वॉल्टर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. त्याने स्वयंपाकघरातच शिशाचा डाख देऊन ती चिकटवली. केवढा ओबडधोबड गोळा तो! वर्षाचं अक्षर त्याच्याखाली पार बुजलं. मला त्याची भारी लाज वाटायची. हिल्डा मात्र हसून म्हणायची, "राहू दे. यांच्या हातचा आहे."

एका थंडीत ती शेतात बीट उपटत होती. मी तिच्या डोक्याच्या रुमालाला होतो. आकडा सुटला आणि मी चिखलात गेलो. तिने गुडघ्यांवर बसून चिखल चाळला, पण मी सापडलो नाही.

वॉल्टर म्हणाला, "हरवला म्हणे! विकून आलीस, असं सरळ सांग ना."

ती रडली, तिने शपथा घेतल्या. मी तिथेच वीतभर खाली पडलो होतो आणि काहीही करू शकत नव्हतो. तो संशय घरात मुरला. त्यांची मुलगी ईनिड त्यातच वाढली, म्हातारी झाली, तरी आई खरं बोलत होती का हे तिला कळलंच नाही.

मग नेव्हिल थर्टल आला. धातू शोधायचं यंत्र घेऊन रानोमाळ हिंडणारा, मनाने सरळ माणूस. ईनिडने त्याला शेतात फिरायची परवानगी दिली आणि म्हणाली, "आईचा ब्रोच मिळाला तर बघ. चांदीचा, आयव्हीची पानं. छत्तीस साली लग्न झालं त्यांचं." डाखाबद्दल ती मुद्दामच बोलली नाही. म्हातारीला बरं वाटावं म्हणून कुणी बाजारातून दुसराच आणून दिला तर? ती खूण तिने स्वतःजवळ ठेवली.

मी सापडलो. टाचणी मातीत गंजून गेली होती. नेव्हिलने मला घरच्या शेडमध्ये नेलं. भिंगाखाली नांगर दिसला, सिंह दिसला, पण वर्ष दिसेना. "हा घाणेरडा गोळा कुणी थापलाय!" म्हणत त्याने पात्याने डाख खरवडला आणि मागची बाजू घासून लख्ख केली. खाली अक्षर निघालं. ठशांच्या तक्त्याशी त्याने अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकारसुद्धा ताडून पाहिला, कारण अक्षरं फिरून फिरून येतात, चौकट बदलते. एकोणीसशे छत्तीस! तो खुर्चीतून उठलाच. आणि मी? लाज गेली म्हणून मीही खूश.

दुसऱ्या दिवशी त्याने मला ईनिडच्या टेबलावर ठेवलं. तिने आधी मला उलटं केलं. अंगठ्याने पाठ चाचपली. पुन्हा चाचपली.

"हा नाही," ती म्हणाली.

"अहो मिस लार्टर, वर्ष बघा ना, तंतोतंत जुळतंय!"

"असले ब्रोच घरोघरी होते रे. आमच्या वडिलांनी आईच्या ब्रोचच्या मागे शिशाचा हा एवढा गोळा थापला होता."

नेव्हिलचा चेहरा उतरला. "होता. गोळा होता. मीच काढला तो, वर्ष वाचायला. कालच."

ईनिडने मला त्याच्याकडे परत सरकवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी सांगितल्यावर तुला आठवला होय? तू चांगला माणूस आहेस, नेव्हिल. पण माझी समजूत काढू नकोस. चहा घे."

त्याने घरी जाऊन कचऱ्याचा डबा उपडा केला, शेडमधली फरशी हातांनी चाचपली. शिशाचा चुरा केव्हाच झाडला गेला होता.

आता मी त्याच्याकडे काचेच्या डबीत आहे. चिठ्ठीवर लिहिलंय : बर्मिंगहॅम, १९३६, मालक अज्ञात. माझं वय एकदाचं बरोबर ठरलं, पण त्याचं मी काय करू?

मित्रांनो, जुनी वस्तू सापडली तर माती हलकेच धुवा आणि थांबा. तिच्यावरचं काहीही, अगदी कुरूप असलं तरी, खरवडण्याआधी ती ज्यांची असेल त्यांना एकदा जशीच्या तशी दाखवा. हिल्डा खोटं बोलली नव्हती. ईनिडचा अंगठा माझ्या पाठीवर दोनदा फिरला, आणि तिथे काहीच नव्हतं.