ठेंगण्या भाताची खूण

मी बोलतेय, भाताच्या पेशीत डीएनएच्या धाग्यावर बसलेली मिथाइलची खूण. डीएनएच्या संदेशातलं अक्षर नव्हे हं, अक्षराला चिकटलेली! भाताला उंच वाढवणारं एक जनुक आहे. त्याच्यावर आम्ही पुष्कळजणींनी ठिय्या दिला आणि त्याला गप्प केलं.

कडाव गावी सहदेवच्या शेतात गेल्या साली असं एकच ठेंगणं रोप निघालं. भेसळ म्हणून तो उपटणार, तेवढ्यात सून नम्रता आडवी आली.

"बाबा, ऱ्हाऊ द्या. याचं बी वेगळं लावून बघू."

"आगं, तिथं जमीन हलकी हाय, म्हणून खुजं ऱ्हायलं. बी लाव, उंचच होनार. झालं तर समदा वाफा बैलाला घालीन, सांगून ठेवतो!"

म्हणजे आमचा जीव टांगणीला.

औंदा बी रुजलं. आपलंच खरं व्हावं, रोपं उंच व्हावीत, म्हणून सहदेवनं सुनेच्या नकळत वाफ्यात युरिया मारला. घाल बाबा, घाल! खत मिळालं की पेशी भराभर वाढतात, एकीच्या दोन होतात. त्याआधी डीएनएची नक्कल निघते. दोन धागे सुटतात, प्रत्येकासमोर नवा धागा तयार होतो. तो अगदी कोरा. मी जुन्यावरच. आता ही संपली, असं वाटलं ना? छे! पेशीत एक प्रथिन आहे, भारी चिकाटीचं. जुन्या धाग्यावर मी दिसले, की समोरच्या कोऱ्या जागी ते तश्शीच खूण लावतं. प्रत्येक नकलेला हेच.

वाफा हिरवागार झाला, पण उंची काही वाढेना. सहदेव पुटपुटायचा, "मेलं वाढत कसं नाय!" मला हसू यायचं.

मग परतीचा पाऊस आला, वाऱ्यासकट. शेजारचं उंच भात चिखलात आडवं झालं. आमचा वाफा ताठ उभा.

खोटं कशाला बोलू, एका फुटव्यात त्या प्रथिनाचा हात चुकला होता. तिथं आमच्या खुणा गेल्या, जनुक जागं झालं, फुटवा ताडमाड वाढला आणि पावसात लोळला. सहदेव विळा घेऊन आला तो नेमका त्याच्यासमोरच थांबला. नम्रताचा चेहरा उतरला.

"बाबा, एकच हाय वो..."

सहदेवनं शेजारच्या आडव्या भाताकडं पाहिलं, मग आमच्याकडं. वाकून तेवढाच उंच फुटवा कापला आणि बांधावर फेकला.

"ही भेसळ. बाकीचं बी नीट ठेव गं."

आता मी पेंढ्याच्या मुडीत, बियाण्यात आहे. पेरा, पुन्हा धागे सुटू देत, पुन्हा कोरे येऊ देत. पुसून बघाच मला! जुन्या धाग्यावर मी बसलेलीच आहे.