मेणाचा माणूस

कॉनरॅडने साच्याला बांधलेली सुतळी सोडली, दोन्ही भाग अलगद बाजूला केले आणि आतून निघालेली मेणाची बाटली ओट्यावर उभी केली. कडेला साचलेलं मेण नखाने खरवडलं, फुंकर मारली आणि मुलाला एवढंच विचारलं,

"झाकण नीट बसलंय ना?"

"एकदम मस्त, डॅडी," एल्रॉय म्हणाला आणि लगेच मोबाइलवर फोटो काढायला लागला.

अशा दहा बाटल्या झाल्या. शिवाय दहा किल्ल्या आणि दहा पासपोर्ट. एल्रॉय ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होता आणि फायनल प्रोजेक्टचा कॉन्सेप्ट त्याला शुक्रवारी नक्की करून द्यायचा होता. त्याच्या गाइड इरावती मॅडमनी आधीचे दोन परत पाठवले होते. इराण्याच्या हॉटेलवरचा कॉन्सेप्ट पाहून त्या म्हणाल्या होत्या, की दरवर्षी चार मुलं त्याच चहात बुडतात. तिसराही नापास झाला तर प्रोजेक्ट पुढच्या वर्षावर जाणार होता. अख्खी मुंबई पालथी घातल्यावर त्याच्या लक्षात आलं, की काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय.

त्याची आई पर्पेच्युआ दर बुधवारी माहीमच्या चर्चबाहेर टेबल लावायची. त्यावर मेणाचे हात, पाय, हृदय, घर, तान्हं बाळ. ज्याचं जे दुखतंय ते त्याने घ्यायचं, आत नेऊन वाहायचं आणि मागायचं. दादरच्या दोन खोल्यांत हे सगळं ओतायचं काम कॉनरॅडचं. ऑफिसात नोकरीला होता तेव्हाही त्याचे रविवार याच मेणात गेले. या टेबलावर आपलं शिक्षण झालं हे एल्रॉय कधी विसरला नव्हता, आणि म्हणूनच जाता जाता टेबलाचंही काही भलं करावं असं त्याच्या मनात होतं.

लोकांची दुखणी बदलली, आकार मात्र तेच राहिले, असं त्याचं म्हणणं. तीन बुधवार आईच्या मागे बसून त्याने बायका तिच्या कानाशी काय बोलतात ते वहीत टिपलं होतं. मुलाचा व्हिसा. नव्या बिल्डिंगमधल्या घराची किल्ली. आणि सगळ्यांत जास्त वेळा, नवऱ्याची दारू. अशा बाईला आई काय द्यायची, तर वीतभर उंचीचा मेणाचा माणूस, ज्याला नाकडोळेही धड नव्हते. चिन्ह कसं न बोलता कळलं पाहिजे, हे चार वर्षं घोकलेल्या एल्रॉयच्या लेखी तो माणूस साफ नापास होता. मॅडमना मुद्दा पटला. बुधवारी नवे आकार टेबलावर ठेव, लोक काय करतात ते बघून ये, मग शिक्कामोर्तब करू, असं त्या म्हणाल्या.

पर्पेच्युआने विरोध केला नाही. ओट्यावरच्या बाटल्यांकडे पाहिलं, मग एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या भरायला खोकं आणून दिलं.

बुधवारी किल्ल्या तासाभरात संपल्या. पासपोर्ट घेऊन पोरांनी सेल्फी काढले. बाटल्यांवर लोकांची नजर पडायची आणि तशीच पुढे सरकायची. अकराच्या सुमाराला तिशीची एक बाई आली. नायगावहून बसने आले, पहिल्यांदाच आले, म्हणाली. बाटली दिसताच तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. एल्रॉयने वही उघडली. आपण पास झालो असं त्याला वाटलं.

"अगो, तू पण बुधवार धरलास? काय घेतलंस बघू," मागून कुणीतरी म्हणालं.

तिच्याच चाळीतल्या दोघीजणी होत्या. चटका बसावा तशी तिने बाटली खाली ठेवली. काही नाही, काय काय नवीन निघतं ते बघत होते, असं म्हणून ती हसली आणि रिकाम्या हाताने निघाली. चर्चकडे नव्हे, बसस्टॉपकडे. मुद्दाम बस करून आलेली बाई काही न मागता परत चालली होती.

पर्पेच्युआने कधीच न केलेली गोष्ट केली. भर गर्दीत टेबल सोडलं. मेणाचा एक माणूस वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रस्ता ओलांडून त्या बाईला गाठलं. काय बोलणं झालं ते एल्रॉयला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने ती बाई परत आली, मेणाचा माणूस उघड्या तळहातांवर धरून त्याच दोन शेजारणींबरोबर रांगेत उभी राहिली, आणि कुणी तिला काही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आई परत आली तेव्हा एल्रॉयने बाटल्या खोक्यात भरल्या होत्या.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुला कुठे माहीत होतं?" पर्पेच्युआ मेणबत्त्या सरळ करू लागली. "बाटली घेऊन उभी राहिली की नवऱ्याची लाज चार लोकांत मांडल्यासारखं होतं रे. माणूस घेतला तर ताप असेल, नोकरी असेल, कुणाला काय कळतं? मी पण माणूसच घेऊन उभी राहायचे. अकरा बुधवार. तू कडेवर होतास."

कुणासाठी, हे विचारायला एल्रॉयने तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा त्यांच्या घरात माणूस एकच होता.

लग्नाबारशात सगळे ग्लास भरत असताना डॅडी लिंबूसरबत घेऊन कोपऱ्यात बसायचा. त्याला पित्त आहे, अशी एल्रॉयची लहानपणापासूनची समजूत. त्याच डॅडीने दोन संध्याकाळी खपून, नमुन्याला फोटोसुद्धा न मागता, बाटलीचा खांदा न् खांदा हुबेहूब घडवला होता, कारण मुलाला प्रोजेक्टसाठी हवी होती. एल्रॉयला शरम वाटली. आणि त्या शरमेपेक्षाही मोठी कृतज्ञता वाटली, कारण एकवीस वर्षं या दोघांनी त्याला त्या बाटलीचा वाससुद्धा लागू दिला नव्हता.

बसमधून त्याने इरावती मॅडमना कळवलं, की बाटली काढून टाकतोय, आणि चिन्हाने काय सांगू नये यावर काम करायचंय. कारण विचाराल तर एका अनोळखी बाईचं सांगेन, त्यापलीकडचं नाही. दादर येईपर्यंत उत्तर आलं. हे चालेल, त्यांनी लिहिलं होतं, शुक्रवारी ये.

घरी पोचल्यावर पर्पेच्युआ पाय वर घेऊन खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. कॉनरॅडने खोक्यात डोकावून पाहिलं.

"एकही नाही गेली?"

"नाही," एल्रॉय म्हणाला. त्याने स्वतःच गॅस पेटवला, पातेलं चढवलं आणि एकेक करून दहाही बाटल्या त्यात सोडल्या. "माणसाचा साचा दे ना, डॅडी."

कॉनरॅडने साचा काढून दिला. बापलेक पातेल्यापाशी उभे राहिले. आधी गळे वितळले, मग खांदे. कॉनरॅडने सुतळी आवळली, एल्रॉयने दोन्ही हातांनी साचा धरला, आणि मेण आत गेलं.

"थँक यू, डॅडी," एल्रॉय हळूच म्हणाला.

कॉनरॅडने त्याच्याकडे पाहिलं. मग हनुवटीने खुर्चीकडे खूण केली.

"मला नको. ती उठली की तिला सांग. मी एकवीस वर्षं सांगायचं म्हणतोय."