चार घरांची एक मेंबरशिप

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकली आहे. माझी बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा तग धरत नाही. पण तुम्ही दुकानाच्या काचेत बघता ना, त्या चकचकीत नव्या मोबाइलांना विचारा, एका वेळी चार घरांची खरेदी सांभाळली आहे का कधी? मी सांभाळली आहे. आणि त्याच खरेदीने एका माणसाचं काय झालं, तेही मी पाहिलं आहे. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे टोप्या घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात बारीक बारीक स्क्रू बसवले. मग खोका, मग ट्रक, मग दुकान. एका मुलीने पहिल्या पगारात मला विकत घेतलं आणि आपल्या आईच्या हातात ठेवलं. ती म्हणाली, "आई, मी लांब चालले. आता रोज यावरच भेटायचं." ती नोकरीच्या गावी गेली आणि मी आईजवळ राहिलो.

ती आई म्हणजे आमच्या मावशी. तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या आणि कपडे शिवायच्या. खिडकीपाशी मोटारवर चालणारं शिलाई मशीन, भिंतीला कापडाच्या चिंध्यांची पिशवी, गळ्यात सदानकदा मापाची टेप. माझी जागा मशीनच्या फळीवर, खडूच्या डबीशेजारी. माझ्या चार्जिंगच्या भोकात सुताचा भुगा जायचा. मावशी तो सुईच्या टोकाने काढायच्या, अगदी बाळाचा कान साफ करावा तसा. काय लाड होते माझे!

मावशींचे गुडघे दुखायचे. जिना चढणं त्यांना जमत नसे, पायाने मशीन मारणंही जमत नसे. म्हणून माणसं त्यांच्याकडे यायची. कुणी ब्लाउज घेऊन, कुणी उसवलेली पँट घेऊन, कुणी नुसतंच.

एकदा पहिल्या मजल्यावरची नर्स आली. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. ती आली तीच करवादत. "मावशी, मोबाइलवरच्या दुकानातून तीन वस्तू मागवल्या तर तीन वेळा पोचवायचे पैसे! मेंबरशिप घेतली तर पोचवणं फुकट, शिवाय दुसऱ्या दिवशी दारात. पण वर्षाची वर्गणी बघितली का? माझ्या एकटीच्याने नाही व्हायचं."

समोरच्या खोलीतले आजोबा तिथे बटण लावून घ्यायला बसले होते. त्यांनी आयुष्यभर एका कारखान्यात भांडारपाल म्हणून काम केलं होतं. कुठलीही वस्तू कपाटाबाहेर काढायची तर आधी तीन प्रश्न विचारायचे, ही त्यांची खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. ते म्हणाले, "चौघांत एक घ्या की! चार घरं, एक मेंबरशिप."

"आणि नाव कुणाचं?"

"दिवसभर घरात कोण असतं?"

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी दाताने दोरा तोडत म्हणाल्या, "मला काय, मी इथेच मेली बसलेली असते!"

अशी ती मेंबरशिप माझ्यात आली. चौथं घर दुसऱ्या मजल्यावरचं, वहिनी आणि त्यांची लेक चिमणी यांचं. चिमणी तेव्हा एवढीशी होती आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून ते नाव.

मग सुरू झाले आमचे रविवार. सकाळी दहाला सगळे मावशींच्या खोलीत जमायचे. चहा व्हायचा. मी या हातातून त्या हातात फिरायचो आणि जो तो आपली वस्तू त्या दुकानाच्या टोपलीत टाकायचा. पण आजोबांनी एक नियम घालून दिला होता. टोपलीत टाकलेली वस्तू त्याच दिवशी मागवायची नाही. तिने पुढच्या रविवारपर्यंत तिथेच मुक्काम करायचा. आठवड्याने तिचं नाव घेतल्यावर ज्याची त्याला ती हवीशी वाटली तरच मागवायची.

"सिस्टर, हे केस कुरळे करायचं यंत्र कुणाचं?" आजोबा चष्मा वर करून विचारायचे.

"माझं... पण राहू द्या. ड्यूटीवर टोपीखाली कोण बघतंय!"

"काढा! पुढचं. सहा डबे, झाकणासकट?"

"ते माझे," वहिनी म्हणायच्या. "पण घरात आहेत तसे."

"काढा!"

निम्मी टोपली अशीच रिकामी व्हायची. मित्रांनो, खरे पैसे तिथेच वाचायचे. मेंबरशिपने वाचत त्याच्याहून जास्त या मुक्कामाने वाचत, असं मला आजही वाटतं.

पार्सल आलं की माझ्यावर चार आकडे यायचे आणि पोचवणाऱ्याला ते सांगावे लागायचे. मावशी ते मापासारखे वाचायच्या. "अडतीस, छप्पन! अगं बाई, कमरेला छप्पन?" पार्सलवाला दादा हसून लोटपोट व्हायचा. दुसऱ्या इमारतींत तो पार्सल टाकून पळायचा. आमच्याकडे मात्र पाणी पिऊन जायचा.

तेव्हा माझं किती कौतुक व्हायचं! "मावशींचा मोबाइल म्हणजे आपलं दुकानच," असं वहिनी म्हणायच्या. मी फुगून जायचो. मला कुठे ठाऊक होतं की त्या दुकानातून पुढे काय काय येणार आहे!

आधी एक तयार ड्रेस आला, चिमणीचा. खांद्यात सैल होता. मावशींनी दोन टाके घालून तो बसवला. मग सिस्टरचे कुर्ते आले, आजोबांच्या पँटी आल्या. आत घ्यायचं, लांबी कमी करायची, अशी कामं मावशींना मिळत राहिली. नवं शिवणं कमी झालं होतं, पण मशीन चालू होतं.

मग कळलं की मेंबरशिपवाल्यांना परत पाठवणंही फुकट आहे. झालं! सैल निघालं, पाठवा परत. आखूड निघालं, पाठवा परत. दोन टाक्यांसाठी मावशींना कोण त्रास देणार? सगळ्यांना वाटायचं, आपण मावशींचे कष्टच वाचवतोय. परत जाणारी पार्सलंही मावशीच द्यायच्या, कारण नाव त्यांचं. त्या प्रत्येक कपड्याची घडी नीट घालायच्या, शिवण उलटून बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "एका दोऱ्यावर उभं आहे बिचारं." मग पिशवी चिकटवून दादाच्या हातात द्यायच्या. फळीवर बसून मी ते बघायचो. मशीन तासन्‌तास गप्प असायचं. पण रविवार होते ना, म्हणून मावशी खुशीत होत्या. शनिवारीच स्टुलं पुसून ठेवायच्या.

जाहिरातींचे मेसेज मात्र दिवसभर यायचे. "हा मेला टिणटिण करून डोकं उठवतो," असं मावशी एकदा म्हणाल्या. चिमणी आता दहावीत गेली होती आणि मोबाइलमधलं तिला सगळं येत होतं. तिने झटकन सगळ्याच मेसेजचा आवाज बंद करून टाकला. "आता गप्प बसेल तो!" ती म्हणाली. मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी मुका झालो. मेसेज येत राहिले, पण मावशींना कळवायला माझ्याकडे आवाज नव्हता.

त्याच वर्षी चिमणीला शोध लागला की शाळेच्या ओळखपत्रावर मेंबरशिप अर्ध्या किमतीत मिळते. पोचायला चार दिवस लागतात, पण स्वस्त. वहिनींनी ती घेतली. सिस्टरला बँकेच्या कार्डाबरोबर एक फुकट मिळाली. आजोबांच्या मुलाने आपल्या मेंबरशिपमध्ये त्यांचं नाव घातलं. प्रत्येकाचे पैसे वाचले. यात कुणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. फक्त मावशींना कुणी सांगितलं नाही. सिस्टरला वाटलं वहिनी सांगतील, वहिनींना वाटलं आजोबा सांगतील. आजोबांना वाटलं, आपण एकटेच बाहेर पडलोय, उगाच कशाला बोलून दाखवा! रविवारी आधी तिघं यायला लागले, मग दोघं, मग कुणीच नाही. मावशी स्टुलं पुसायच्या आणि साडेअकराला उचलून ठेवायच्या.

आणि अशात मशीनची मोटार जळाली.

नेमकं तेव्हाच मावशींना मोठं काम आलं होतं. एका दवाखान्याला चाळीस एप्रन हवे होते, आठ दिवसांत. सिस्टरनेच शब्द टाकला होता. किती महिन्यांनी मावशी गुणगुणत होत्या! "हे नीट केलं ना, तर दर वर्षी आपल्याकडेच येईल," असं त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. मशीन दुरुस्त करणाऱ्याने नव्या मोटारीची किंमत सांगितली. मावशींच्या खात्यात तेवढेच पैसे होते, वर थोडे सुटे. तो म्हणाला, "सोमवारी घेऊन येतो."

शुक्रवारी माझ्यावर मेसेज आला की उद्या मेंबरशिप आपोआप चालू होईल आणि वर्गणी खात्यातून जाईल, नको असल्यास आजच बंद करा. हे आपोआपचं बटण मावशींनी मुद्दामच चालू ठेवलं होतं. दर वर्षी आधी वर्गणी कापली जायची आणि मग तिघं आपापला वाटा आणून द्यायचे. "बंद राहिली आणि पोरांची पार्सलं अडकली म्हणजे?" असं त्या म्हणायच्या. पण तो मेसेज दिसला असता तर या वेळी त्यांनी ती नक्की थांबवली असती. मोटारीचे पैसे त्यांनी बोटांवर मोजून ठेवले होते. मी शेजारीच होतो. हातभर अंतरावर. मी उजळलो, विझलो. त्या एप्रनची कापणी करत होत्या.

शनिवारी पैसे गेले. तेही मुकाट्याने.

रविवारी दुपारी चिमणी धावत आली. मावशींचा चेहरा असा खुलला म्हणता! "बस, चहा टाकते."

"नको मावशी, घाई आहे. जरा मोबाइल द्या ना. उद्या संध्याकाळी शाळेत कार्यक्रम आहे, ड्रेस हवाय. आमच्या मेंबरशिपमध्ये चार दिवस लागतात. तुमची अजून असेल ना थोडे दिवस? ड्रेसचे पैसे आईच्या कार्डाने भरते."

"तुमची काय गं, आपली म्हण," मावशी म्हणाल्या आणि मला तिच्या हातात दिलं.

सोमवारी सकाळी मोटार आली. मावशींनी पैसे पाठवायचा प्रयत्न केला, तर खात्यात पुरेशी रक्कम नाही. पुन्हा केला. पुन्हा तेच. दुरुस्तीवाला भला माणूस होता, पण त्यालाही मोटार उधार आणता येत नव्हती. "मावशी, मिळाले की कळवा," असं म्हणून तो ती घेऊन गेला.

दुपारी पार्सल न्यायला चिमणी आली तेव्हा मावशी मला पोटाशी धरून बसल्या होत्या. चिमणीने बघितलं आणि तिला क्षणात उलगडलं. "वर्गणी कापली गेलीय! पण घाबरू नका मावशी. मला माहितीये, मेंबरशिप वापरली नसेल तर रद्द करता येते. सगळे पैसे परत! हे बघा, आत्ता करते." तिची बोटं माझ्यावर भराभर नाचली. तिने शेवटचं बटण दाबलं आणि मी, दुसरं काय करणार, जे आलं ते दाखवलं. या मेंबरशिपवर एक ऑर्डर झाली आहे. रक्कम परत मिळणार नाही.

ती एक ऑर्डर मशीनच्या फळीवर पडली होती. बंद पिशवीत.

चिमणीने ती पिशवी उचलली. मग म्हणाली, "मी ड्रेस परत पाठवते, मावशी. मग ऑर्डर जाईल ना? जाईल ना?" तिने तेही करून पाहिलं. ड्रेसचे पैसे परत आले असते, मेंबरशिपचे नाही.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "घाल बघू, बसतो का."

खांद्यात सैल होता. मावशींनी चार टाचण्या लावल्या आणि हाताने शिवायला बसल्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, मला सांगितलं असतंस तर मीच शिवला असता की रविवारी." मग त्यांचं लक्ष मशीनकडे गेलं. "हो, पण... बंद होतं, नाही का." चिमणी ओंजळीत तोंड लपवून रडत होती. मावशींनी टाका घालणं थांबवलं नाही. संध्याकाळी ड्रेस अगदी अंगाबरोबर बसला. चिमणी तो घालून शाळेत गेलीच नाही.

चिमणीने त्याच दिवशी घरोघरी जाऊन सगळं सांगितलं. मोठी माणसं खाली आली आणि दारातच अवघडून उभी राहिली. "आम्हाला वाटलं, तुम्ही बंद केली असेल." मोटारीचे पैसे ताबडतोब कुणाच्याच हातात नव्हते. पगार झाल्यावर तिघांनी आपापला वाटा आणून दिला आणि मोटार बसली. पण तोवर एप्रन दुसरीकडे गेले होते. सिस्टरने दवाखान्यात पुष्कळ रदबदली केली. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. नवी मोटार छान चालायची. सुईखाली घालायला कापड नव्हतं.

चार महिन्यांनी लेक आली आणि मावशींना घेऊन गेली. मशीन विकलं. लेकीने नवा मोबाइल आणला होता. जाताना मावशींनी मला शेवटचं पुसलं आणि चिमणीच्या हातात ठेवलं.

"यात अजून आठ महिने आहेत," त्या म्हणाल्या. "वाया नका घालवू. सगळे मिळून वापरा."

मित्रांनो, कुणीही वापरली नाही. आपोआपचं बटण चिमणीने बंद केलं आहे. ती मला अधूनमधून चार्ज करते, दुकान उघडते आणि काहीही न घेता मिटते. मुदत आता संपत आली आहे.

पैसे जरूर वाचवा. वस्तू टोपलीत आठ दिवस ठेवा, मेंबरशिप वाटून घ्या, स्वस्तात मिळत असेल तर बदलाही. पण सोडायची असेल तेव्हा ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारी स्वतः जा आणि तोंडाने सांगा. दोन जिने उतरायचे असतात, बस. मावशी मुळीच रागावल्या नसत्या. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाल्या असत्या, आणि तुम्हाला बसायला स्टूल पुढे केलं असतं.